ट्रान्स-टायगा: आधी पेट्रोलचा हिशोब
कॅनडातील क्वेबेक प्रांताच्या उत्तरेकडचा ट्रान्स-टायगा हा 666 किलोमीटरचा खडीचा रस्ता जलविद्युत धरणांच्या बांधकामासाठी काढला गेला. स्प्रूसच्या विरळ जंगलातून तो कॅनियापिस्काऊ जलाशयाकडे जातो. वाटेत एकही गाव लागत नाही. डांबरी आणि कच्च्या, दोन्ही रस्त्यांवर चालणाऱ्या मोटरसायकलीसाठी ही वाट उत्तम, पण आखणी पेट्रोलपासूनच करावी लागते. ट्रान्स-टायगाकडे नेणारा रस्ता मातागामी या गावापासून सुरू होतो; ते सोडल्यावर पहिला पंप थेट 381व्या किलोमीटरवर येतो. तिथवर अनेक हलक्या गाड्यांची टाकी पुरत नाही, म्हणून जादा कॅन हवाच. प्रत्यक्ष ट्रान्स-टायगावर पेट्रोलचा आधार म्हणजे निम्मी वाट ओलांडल्यावर येणारा मिराज हा शिकार-मासेमारीचा तळ. तो चालू आहे ना, हे निघण्यापूर्वी विचारून घ्यावे. टोकदार खडी टायर फाडते. तेव्हा नुसती ट्यूब बरोबर असून भागत नाही, ती बदलण्याचा सराव घरीच झालेला असावा. मोबाइलला रेंज नसल्याने उपग्रहावरून संदेश पाठवणारे यंत्र जवळ ठेवावे. जून-जुलैत काळ्या माश्या माणसाला हैराण करतात. ऑगस्टच्या उत्तरार्धात त्यांचा त्रास कमी होतो, मात्र रात्री गारठतात. ब्रिसे या जलविद्युत केंद्रानंतरचा शेवटचा टप्पा सर्वांत खडबडीत आहे, आणि तो एकट्याने करू नये.