पावती मागायला लाज कसली?

"आपला घरचाच सराफ आहे." हे वाक्य मी चाळीस वर्षं ऐकत आलो, आणि याच वाक्यानं मला बुडवलं.

चार वर्षांपूर्वी मी दोन तोळ्यांचं चोख सोन्याचं वळं घेतलं. पेढी वडिलांच्या वेळेपासूनची. सराफ म्हणाला, "काका, पावती केली तर तीन टक्के जीएसटी पडेल. नाहीतर चिठ्ठीवर लिहून देतो." मी चिठ्ठी घेतली. गेल्या दिवाळीत ते वळं मोडायला दुसरीकडे नेलं. कारागिरानं कानस खोलवर फिरवली आणि आत तांब्याचा रंग दिसला. विकत घेतानाच ते वजनाच्या मानानं जाड वाटलं होतं. वडिलांपासूनची ओळख आठवून मी गप्प बसलो होतो. जुन्या सराफानं चिठ्ठी हातात घेतली, उलटसुलट केली आणि अक्षर आपलं नाही म्हणाला. तीन टक्के वाचवायला गेलो आणि सगळंच गेलं. कर बुडवण्यात मीही सामील होतो, त्यामुळे तक्रारीला तोंड राहिलं नाही.

हल्ली लोक व्हिडिओ बघून सोन्यावर लोहचुंबक फिरवतात आणि खुशाल झोपतात. तांबं, चांदी, शिसं यांतलं काहीच चुंबकाला चिकटत नाही, मग त्या परीक्षेत सापडणार काय? त्यापेक्षा पाण्याची परीक्षा करा. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर पाण्याची वाटी ठेवा, आकडा शून्यावर आणा आणि सोनं दोऱ्याला बांधून पूर्ण बुडवा. तळाला टेकू देऊ नका. १० ग्रॅम चोख सोनं ०.५२ ग्रॅम दाखवतं, तेवढंच तांबं १.१२. माझ्या वळ्याची लबाडी घरच्या ओट्यावर पाच मिनिटांत उघडी पडली असती. पोकळ किंवा खड्यांच्या दागिन्याला मात्र ही परीक्षा लागू नाही.

टंगस्टनपुढे हीसुद्धा हरते. सोन्याची घनता १९.३२, टंगस्टनची १९.२५, घरचा काटा हा फरक पकडूच शकत नाही. पेढीवरचं कॅरेट मीटर क्ष-किरणांनी फक्त वरचा पातळ थर वाचतं, म्हणून जाड मुलाम्याखाली काय आहे ते त्याला दिसत नाही. लगड कापून मुशीत घाला. सोनं १०६४ अंशांना वितळतं, टंगस्टनला ३४२२ लागतात. कापू न देणाऱ्या माणसाकडून लगड घेऊ नका.

मोठमोठे सावकारही फसले आहेत. २०२० साली चीनच्या वूहानमधल्या किंगोल्ड कंपनीचं प्रकरण बाहेर आलं. ८३ टन सोन्याच्या तारणावर सुमारे २० अब्ज युआनची कर्जं उचललेली होती, आणि तपासलेल्या लगडींत मुलामा दिलेलं तांबं निघालं.

आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कच्या दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी एचयूआयडी सक्तीचा आहे. पण नुसता नंबर कोरलेला दिसला म्हणून निर्धास्त होणं हा मूर्खपणा आहे. नंबर कुणीही कोरू शकतो. बीआयएस केअर ॲपमध्ये तो टाका. तिथं बांगडी लिहिलेली असेल आणि तुमच्या हातात अंगठी असेल, तर दुकानातून उठा. हॉलमार्कच्या दागिन्याची शुद्धता कमी भरली, तर फरकाच्या दुप्पट भरपाईची तरतूद आहे. ती मागायला पावती लागते, आणि ती पावती आपण स्वतःच नाकारतो.

बनावट सोनं विकणारा गुन्हेगार आहेच. पण त्याचा धंदा चालतो तो आपल्या भिडेवर. सुनेच्या गळ्यातलं सोनं तपासायला नेलं तर माहेरचे काय म्हणतील, याच विचारानं घरंच्या घरं गप्प बसतात.

मान्यताप्राप्त हॉलमार्किंग केंद्रात बिनहॉलमार्कचे दागिनेही तपासून मिळतात. चार नगांपर्यंत २०० रुपये शुल्क आहे. कपाटातला डबा उघडा आणि याच आठवड्यात तिथं घेऊन जा.