जसं आलं तसं पुढे

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवडी बाजार भरला होता. भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने तिथे मारून टाकलं. मुलं पळवणारी टोळी आलीय, ही अफवा व्हॉट्सॲपवरून आधीच घराघरांत पोचली होती. मारणाऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. अफवा पुढे ढकलणारे मात्र आजही म्हणतील, आम्ही तर जसं आलं तसं पाठवलं.

बौद्ध विचारात कर्माचं मूळ हेतूत आहे. मग हे लोक सुटले का? त्यांना कुणाचा जीव घ्यायचा नव्हता; शेजाऱ्यांची पोरं सांभाळावीत, एवढंच मनात होतं. तरीही ते सुटत नाहीत, असं मला वाटतं. बुद्धांच्या शेवटच्या उपदेशातही भर आहे तो अप्रमादावर, म्हणजे सावधपणावर, आणि न तपासता पाठवणं हा प्रमादच. कालामसुत्तात केसपुत्तच्या लोकांना त्यांनी बजावलं, की निव्वळ ऐकीव गोष्ट खरी मानू नका. अभयराजकुमारसुत्तातली कसोटी तर याहून कडक: बोलणं खरं हवं, हिताचं हवं, वर वेळही पाहायची. टोळीचा निरोप पहिल्याच चाळणीत अडकला असता.

राईनपाड्याच्या घटनेच्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आणली. पुढे २०२० मध्ये, खूप फिरलेल्या निरोपांसाठी ती एकावर आली. ठीक आहे. पण खोटं आहे हे माहीत असून एकालाच पाठवलं, तरी खोटं न बोलण्याचं चौथं शील मोडतंच.

कंपन्यांनाही मी सोडणार नाही. शस्त्रांचा आणि विषाचा व्यापार बुद्धांनी उपासकांना वर्ज्य सांगितला. लोकांच्या भीतीवर आणि रागावर जाहिराती विकणं मी त्याच रांगेत बसवेन. म्यानमारमध्ये रोहिंग्यांविरुद्ध फेसबुकवर जे पेटलं, ते रोखायला आपण कमी पडलो, हे त्या कंपनीने २०१८ मध्ये कबूल केलं. तिथे द्वेष पसरवणाऱ्यांत विराथू नावाचा एक भिक्खूही होता. चीवर अंगावर असलं म्हणून शील आपोआप पाळलं जात नाही.

नागपूरला १९५६ मध्ये बाबासाहेबांनी लाखोंना पंचशील दिलं; आज ते गावोगावच्या विहारांत म्हटलं जातं. येत्या रविवारी वंदना झाली की आपण पुढे पाठवलेला एक निरोप तपासा. खोटा निघाला, तर ज्यांना ज्यांना पाठवला त्या प्रत्येकाला तसं कळवा.