मेंबर माजी झाला, आता विचारायचं कुणाला?

माझ्या फुफीला रक्तदाबाचा जुना त्रास आहे. गावापासून चार किलोमीटरवर प्राथमिक आरोग्य केंद्र. महिन्याच्या गोळ्या तिथून आणायच्या, असा तिचा कित्येक वर्षांचा शिरस्ता. मागच्या वर्षी सलग दोन महिने तिला गोळ्यांविना परत पाठवलं. "वरून आल्या नाहीत," एवढंच उत्तर. फुफी तिथून थेट जिल्हा परिषदेच्या मेंबरच्या घरी गेली. पूर्वी असंच करायची. मेंबर ओट्यावर बसलेला असायचा, तिच्यासमोरच तालुक्याला फोन लावायचा, आठवड्यात काहीतरी हालचाल व्हायची. या वेळी त्याने चहा पाजला आणि म्हणाला, "चाची, माझं आता कोण ऐकतंय? मी माजी झालो."

माजी म्हणजे पडलेला नव्हे. त्याला कुणी पाडलं नाही, कारण निवडणूकच झाली नाही.

मार्च 2022 मध्ये महाराष्ट्रातल्या बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासक आले. मुदत संपली, सभागृहं रिकामी झाली आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. मुदत संपण्याआधी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे, असं राज्यघटनेचं कलम 243-ई सांगतं. तरी तीन वर्षं गेली. कारण सांगितलं गेलं ओबीसी आरक्षणाचं. मार्च 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या आरक्षणासाठी तिहेरी चाचणीची अट घातली, मग बांठिया आयोग आला, जुलै 2022 मध्ये त्याचा अहवाल आला, प्रभागरचनेचे वाद झाले आणि तारखांवर तारखा पडल्या. 6 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार आठवड्यांत निवडणुकीची अधिसूचना काढायला सांगितलं. बांठिया अहवालापूर्वी ओबीसी आरक्षण जसं होतं, तसं ठेवून निवडणुका घ्यायच्या, असा तो आदेश होता. हा वाद आपल्यासाठीही परका नव्हता. मोमीन, बागवान, अत्तार, पिंजारी या जमाती ओबीसी यादीत आहेत आणि आपल्यातले कितीतरी जण त्याच जागांवरून निवडून येतात.

पण या तीन वर्षांत काय गेलं, याची चर्चा आपल्या मोहल्ल्यात मी फारशी ऐकली नाही. कारण जिल्हा परिषद नेमकं काय करते, हेच आपल्याला नीट ठाऊक नसतं. जिल्हा रुग्णालय आणि ग्रामीण रुग्णालय राज्य शासनाचं. पण उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचं. म्हणजे गरोदर बाईची पहिली तपासणी, बाळाची लस, फुफीच्या गोळ्या, साप चावल्यावरचं पहिलं इंजेक्शन, हे सगळं जिल्हा परिषदेच्या दारात येतं. अंगणवाडीचा कारभारही तिच्याच महिला व बालकल्याण विभागाकडून चालतो. परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून 20 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. शिवणयंत्र, सायकल, पिठाची गिरणी, तीनचाकी गाडी अशा वस्तू याच पैशातून मिळतात. ती यादी कोण करतं, तिच्यात कोण बसतं, हा प्रश्न लहान नाही.

1961 च्या कायद्याने ही व्यवस्था उभी केली, तेव्हा अधिकाऱ्याच्या समोर लोकांनी निवडलेला माणूस बसवला. आरोग्यासाठी वेगळी समिती, समाजकल्याणासाठी वेगळी, महिला व बालकल्याणासाठी वेगळी. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याने समितीपुढे येऊन सांगायचं की डॉक्टरची जागा का रिकामी आहे, औषध का आलं नाही. प्रशासकाच्या काळात सभेचे आणि समित्यांचे अधिकार एकाच खुर्चीत गेले. प्रस्ताव त्याच कार्यालयाने मांडायचा आणि मंजुरीची सहीही त्याच कार्यालयाची. अधिकारी वाईट होते असं मी म्हणत नाही. काही फार कष्टाळू होते. पण कष्टाळू अधिकाऱ्यालाही प्रश्न विचारणारा समोर लागतो.

इथे कुणी म्हणेल, मेंबर तरी कुठले धुतल्या तांदळाचे? टेंडर, टक्केवारी, नातेवाइकांच्या नावावर ठेके, हे आम्ही पाहिलं नाही का? पाहिलं आहे. आमच्या त्या मेंबरनेही पहिली दोन वर्षं रस्त्याच्या ठेक्यातच घातली. पण त्याच्यात आणि प्रशासकात एक फरक होता. आमच्या गावात मुसलमानांची दहा घरं आहेत. दहा घरांच्या जोरावर कुणी निवडून येत नाही. पण अटीतटीच्या लढतीत त्या दहा घरांवाचून कुणाचं भागतही नाही. म्हणून ईदला तो शिरखुर्म्याला यायचा आणि म्हणूनच फुफीसमोर फोन उचलायचा. ते प्रेम होतं की हिशोब, याच्याशी फुफीला देणंघेणं नव्हतं. तिला गोळ्या मिळत होत्या. प्रशासकाला मात्र कुणाच्याच मताची गरज नसते. त्याची बदली होते, त्याला कुणी पाडत नाही.

जे समाज संख्येने मोठे, पैशाने भक्कम, ज्यांचे आमदार-खासदार आहेत, त्यांना प्रशासकाच्या केबिनपर्यंत जायची वाट असते. जो समाज गावोगाव दहा-दहा घरांत विखुरलेला आहे, त्याच्याकडे मतापलीकडे काय आहे? तीन वर्षं निवडणूक नव्हती, म्हणजे तीन वर्षं आपल्या हातातलं तेवढं एक नाणंही चलनात नव्हतं.

आता ते पुन्हा चलनात येईल. म्हणून थोडं स्वतःकडेही बघायला हवं. उमेदवार मोहल्ल्यात येतो तेव्हा आपण काय मागतो? कब्रस्तानची भिंत, शादीखाना, मशिदीसमोरचा काँक्रीट रस्ता. या मागण्या चुकीच्या नाहीत. पण गेल्या निवडणुकीत मशिदीच्या आवारात झालेल्या बैठकीला मी होतो. दीड तास बोलणं झालं. उपकेंद्रात नर्स राहत नाही, हा विषय एकानेही काढला नाही. काढणार कोण? जिला रात्री कळा सुरू होतात ती बाई त्या बैठकीत नव्हती. फुफीही नव्हती. कब्रस्तानची भिंत मागणारे आम्ही सगळे पुरुष होतो.

महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. आपल्याकडे त्या जागेवर बायको उभी राहते आणि सभेत नवरा बोलतो. या वेळी निदान बैठकीत तरी बायकांना बोलवा. वेगळी बैठक घ्यायची तर वेगळी घ्या, पण घ्या. आणि येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो कुठल्याही पक्षाचा, कुठल्याही धर्माचा असो, तीन गोष्टी विचारा. आपल्या आरोग्य केंद्रात मंजूर जागा किती आणि भरलेल्या किती, हे तुम्हाला माहीत आहे का? निवडून आलात तर आरोग्य समिती मागून घ्याल, की बांधकाम समितीसाठीच धावाल? आणि औषध संपलं तर आम्ही कुणाच्या दारात यायचं?

"आपले किती आले?" हा प्रश्न निकालाच्या दिवशी आपण हमखास विचारतो. विचारायला हरकत नाही. पण आपला एक माणूस निवडून येऊन पाच वर्षं गप्प बसला, तर त्या आकड्याने कुणाचा ताप उतरत नाही.

फुफी सध्या गोळ्या बाजारातून विकत घेते. पेन्शन नाही, मुलगा हमाली करतो. पैसे कमी पडले की एक दिवसाआड खाते. डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलंय, हे तिला माहीत आहे. परवा मला विचारत होती, "इलेक्शन कधी आहे रे?" मी म्हटलं, लवकरच. ती म्हणाली, "मग बरं."

तिच्या त्या "मग बरं"ला आपण काय उत्तर देणार आहोत, तेवढं मतदानाआधी ठरवूया.