आषाढातलं पाचवं पान
या महिन्यात जेमतेम चार पानं लिहून झाली. वाचन मात्र भरपूर. लोणावळ्याच्या पावसात कागद इतका सादळतो की शाई फुटते. मग वही मिटून ‘माचीवरला बुधा’ ही कादंबरी पुन्हा हाती घेतली. तळेगाव दाभाड्यात राहून लेखणीवरच संसार चालवणारे तिचे लेखक गो. नी. दांडेकर किल्ले आधी पायांनी वाचत, मग लिहीत. मला त्यांचं हे फार मोलाचं वाटतं. कादंबरी संपवली आणि ती जिथं घडते ती राजमाची गाठली. माचीवरच्या उधेवाडीत एका आजींनी चुलीपाशी बसवलं. ‘भिजलास रं पोरा, आदी च्या घे,’ म्हणाल्या. बाहेर राजमाचीचा श्रीवर्धन बालेकिल्ला ढगात बुडालेला, शेजारच्या मनरंजनचा नुसता कडा दिसत होता. घरी येऊन पाचवं पान लिहिलं. पहिल्या ओळीत त्या चुलीचा धूर आहे.