घटस्थापना आणि ‘नव्याचा सण’

आश्विन शुद्ध प्रतिपदेस आपल्या देवघरात घट बसतात, त्याच सुमारास ठाण्याच्या १८७९ सालच्या सिनेगॉगमध्ये यहुदी नववर्षाची प्रार्थना होते. अधिकमासाचा मेळ जुळला म्हणजे दोन्ही पंचांगे अशी शेजारी येतात. २०२५ मध्ये तर विजयादशमी आणि त्यांचा प्रायश्चित्ताचा निर्जळी उपवास २ ऑक्टोबरलाच आला. बेने इस्रायलींनी या दिवसांत ठेवलेली नावेही मराठीच : नव्याचा सण, खिरीचा सण, शिळा सण.

हा समाज अष्टागरातला. धंदा तेलाचा, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. आंग्र्यांच्या मुलखात हा नेम चालला, तसाच जंजिऱ्याच्या सिद्दीच्या मुलखातही. राज्यकर्ता मुसलमान असूनही मुरूडजवळच्या नांदगावी त्यांचे प्रार्थनामंदिर उभे राहिले. मुंबईचे पहिले सिनेगॉग तर बंदिवासातून जन्मले. कंपनीच्या फौजेतील सामाजी हसाजी दिवेकर म्हैसूरच्या युद्धात टिपूच्या कैदेत पडले. ‘बेने इस्रायल’ हे नाव कुराणात असल्याने त्यांचे प्राण वाचले, अशी परंपरा आहे. सुटकेसाठी केलेला नवस त्यांनी १७९६ मध्ये मांडवीस फेडला. नवस म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस सांगावयास नको.

पुढे जे घडले ते अधिक विचार करावयास लावणारे आहे. बगदादेतून १९५०-५१ मध्ये लाखाहून अधिक यहुदी बाहेर पडले, त्यामागे भय होते. कोकणातून इस्रायलला गेलेल्यांच्या मागे असे भय नव्हते. तरी रेवदंड्याचे १८४२ सालचे ‘बेथ एल’ ओस पडत गेले. सामुदायिक प्रार्थनेस दहा प्रौढ पुरुष लागतात, आणि गावात दहा उरत नाहीत. राज्य शासनाने २०१६ मध्ये यहुदींना अल्पसंख्याक दर्जा दिला. तो योग्यच होता. पण दर्जाने दहावा माणूस मिळत नाही.

उल्हासनगरच्या सिंधी घरांना हे दुःख वेगळ्या बाजूने ठाऊक आहे. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत उतरलेल्या या माणसांनी झुलेलालाची मंदिरे नव्याने बांधली. सक्करचे साधुबेला मात्र सिंधूच्या पात्रात मागेच राहिले. अंबरनाथचे शिवालय शके ९८२ पासून उभे आहे, कारण महाशिवरात्रीस तेथे बदलापूर-कल्याणकडून आजही माणसे लोटतात.

रेवदंड्यास आपण समुद्र पाहावयास जातो. तेथून परतताना त्या जुन्या दाराशी थांबणारे आमच्या पाहण्यात फारसे आले नाहीत. आम्हीही पहिल्या दोन खेपांस थांबलो नव्हतो.