गावच्या रेडिओचा आवाज टिकवायचा कोणी?

म्हसवड : माण तालुक्यात ९०.४ एफएम लावलं की 'माणदेशी तरंग'वर आपल्याच भागातली बोली कानावर पडते. पण अशा सामुदायिक रेडिओच्या निवेदकाचं पोट कशावर भरायचं? परवानगी १०० वॅटची, म्हणजे टापू दहा-पंधरा किलोमीटरचा. बातम्या फक्त आकाशवाणीच्याच. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने जाहिरातींची वेळ ताशी ७ वरून १२ मिनिटं केली, सरकारी दरही १० सेकंदांना ५२ वरून ७४ रुपये केला. चांगलं झालं. पण वेळ वाढली म्हणून जाहिरातदार वाढत नाहीत. दुष्काळी तालुक्यातला किराणा दुकानदार देऊन देणार किती? मानधन परवडलं नाही की निवेदक पुण्या-मुंबईची वाट धरतो. ग्रामपंचायती, बाजार समित्यांनी आपल्या सूचना रीतसर पैसे मोजून इथूनच द्याव्यात. गावचा आवाज फुकटात टिकत नसतो.