फळझाडाखालचा सोबती

कंधारला मन्याडचा काठ आहे, राष्ट्रकूटांच्या काळातला जगत्तुंग सागर आहे. तरी उन्हाळा चढला की परसातल्या झाडाला पाणी घालताना हात आखडता घ्यावा लागतो. म्हणून पेरू, लिंबू, सीताफळ यांच्याखाली काय लावायचे हे ठरवताना फुलांचा रंग नंतर पाहावा. ते रोप एप्रिल-मेमध्ये झाडाच्या वाट्याचे पाणी पिणार का, हे आधी पाहावे.

लॉन नकोच. इंग्लंडमध्ये वोबर्न येथे १८९४ साली फळझाडांवरचे प्रयोग सुरू झाले. तिथे स्पेन्सर पिकरिंग यांना दिसले, की बुंध्यापर्यंत गवत वाढले की सफरचंदाची झाडे खुरटतात. तिकडे पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतच असतो. आपल्याकडे तो चार महिन्यांचा.

पावसाबरोबर येऊन उन्हाआधी निघून जाणारे सोबती आपल्या घरातलेच आहेत. हळद त्यांत पहिली. शेजारच्या वसमतची बाजारपेठ जिच्यावर चालते, तीच. विरळ सावली तिला चालते. पावसाच्या तोंडाशी लावली की जानेवारी-फेब्रुवारीत पाला वाळतो आणि उन्हाळ्यात ती झाडाकडे काहीच मागत नाही. फक्त काढताना झाडाची मुळे तुटू नयेत म्हणून बुंध्यापासून दोन-तीन हात लांब लावावी. सावलीच्या कडेला, ऊन पोचते तिथे, मृगात चवळी टोकावी. शेंगा संपल्यावर वेल उपटू नये. कापून आळ्यात पसरावा. मुळांच्या गाठींतले नत्र मातीत राहते आणि वर आच्छादन होते.

पेरूजवळ वांगी, टोमॅटो, भेंडी टाळा. त्यांच्या मुळांवर वाढणारे सूत्रकृमी पेरूलाही लागतात. त्याऐवजी झेंडू दाट लावा. तो या कृमींना आवर घालतो.

सर्वांत जास्त नुकसान होते ते लिंबाखाली. न्हाणीचे पाणी तिकडे वळवून अळू लावला जातो. अळूला सतत ओल हवी आणि लिंबाच्या बुंध्याला तीच ओल घातक. डिंक्या रोग तिथूनच सुरू होतो. मोसंबीचे बागायतदार दुहेरी आळे करतात ते पाणी बुंध्याला लागू नये म्हणूनच. अळू केळीच्या सोबतीला न्यावा, दोघांनाही ओल मानवते. आणि लिंबाखाली काहीही लावताना कुदळ खोल घालू नका. त्याची पाणी शोषणारी बहुतेक मुळे वरच्या फूट-दीड फूट मातीतच असतात.